गच्चीवरचा बंब

बालमित्रांनो, गच्चीवर सौर बंब बसवायचा विचार तुमच्याही घरी चाललाय का? मग विक्रेत्याला बोलावण्याआधी तीन कामं तुम्हीच उरका. वही, पेन्सिल आणि खडू घ्या.

पहिलं काम गणिताचं. बंबातलं पाणी ६० अंश सेल्सिअस आणि नळाचं २० अंश धरा. दोन्ही समसमान मिसळली की ४० अंशांचं, म्हणजे अंघोळीजोगं पाणी तयार! म्हणजे २० लिटरच्या बादलीला १० लिटर कढत पाणी पुरतं. चौघांनी दोन-दोन बादल्या घेतल्या, तरी लागलं ८० लिटर. मग १०० लिटरचा बंब पुरे की! दोनशेचा कशाला?

दुसरं काम सावलीचं. बंबाचं तोंड दक्षिणेकडे ठेवतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. त्या दिवसांत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जा. पाण्याची टाकी, नारळ, शेजारची इमारत यांच्या सावल्या खडूने आखा. तिन्ही वेळा उन्हात राहील, ती जागा बंबाची.

तिसरं काम पाण्याचं. साबणाला फेस येत नाही? बादलीवर पांढरे डाग पडतात? मग पाणी जड आहे. पुस्तकी भाषेत दुष्फेन. आमच्याकडे बोअरचं पाणी. ते न तपासताच आम्ही तांब्याच्या बारीक नळ्यांचा बंब घेतला. नळ्यांत क्षार साचले आणि ऐन थंडीत आजीला कोमट पाण्यानं अंघोळ करावी लागली. आजी काही बोलली नाही, पण आम्हालाच वाईट वाटलं. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बंब बरा. या नळ्या दुहेरी काचेच्या, मध्ये थर्मासासारखी पोकळी. रुंद असल्यानं साफ करायलाही सोप्या.

फायदा किती? १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. ते काम ऊन फुकटात करतं! पण पावसाळ्यात आभाळ भरून आलं की बंबाचा नाइलाज. म्हणून जुना गीझर मोडीत काढू नका.

आता वही आई-बाबांपुढे ठेवा. आणि जाता जाता एक कोडं : बंबाची टाकी नेहमी नळ्यांच्या वरच का बसवतात? पातेल्यात पाणी तापताना नीट बघा, उत्तर तिथंच आहे!