समुद्राचे मुद्दल आणि आपला हिशेब

पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठून नौका पुन्हा दर्यात लोटल्या गेल्या, की पहिल्याच आठवड्यात कोकणपट्टीतील आणि मुंबई-ठाण्यातील मासळीबाजारांत एकच गर्दी उसळते. दोन महिने तिष्ठत राहिलेल्या खवय्यांच्या पिशव्या भरू लागतात. अशा गर्दीत उभे राहून टोपल्यांकडे थोडे बारकाईने पाहिले, तर मात्र मन खट्टू होते. पापलेट म्हणून विकली जाणारी कित्येक पिले तळहाताहूनही लहान असतात. एका कोळीणबाईंना प्रस्तुत लेखकाने याबद्दल सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाळ्यात येतं तेच आणतो, मास्तर. आणि तुम्ही घेता म्हणून तर आम्ही विकतो." या उत्तराच्या पूर्वार्धात मासेमारीचा सारा पेच आहे आणि उत्तरार्धात सारे अर्थशास्त्र.

समुद्राच्या रक्षणाविषयी आपल्याकडे दोन टोकांची बोलणी चालतात. एका पक्षाच्या मते हा सरकारांचा, आंतरराष्ट्रीय करारांचा आणि मोठमोठ्या कारखान्यांचा प्रश्न आहे. शिक्षकाने, कारकुनाने वा विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालण्याजोगे काही नाही. दुसऱ्या पक्षाला वाटते, की एखाद्या रविवारी किनाऱ्यावरचा कचरा उचलला आणि छायाचित्र काढले, की कर्तव्य संपले. पहिली भूमिका आळसाची आहे आणि दुसरी भाबडेपणाची. रोजच्या जीवनात आपण घेतो त्या लहानसहान निर्णयांचा समुद्राशी नेमका कोठे संबंध येतो, हे तपासून पाहिल्याशिवाय यांतून सुटका नाही.

मुद्दल खाणारे कुटुंब

समुद्रातील मासळी ही ठेवीसारखी असते. दरसाल नवी पिले जन्मतात, वाढतात. या वाढीएवढेच आपण काढून घेतले तर तो व्याजाचा उपभोग झाला, त्याहून अधिक काढले तर मुद्दलाला हात लागला. जो मासा एकदाही अंडी न घालता टोपलीत येतो, तो मुद्दलातून वजा झालेला असतो. शिवाय हा व्यवहार निव्वळ तोट्याचा आहे. तोच मासा आणखी काही महिने पाण्यात राहिला असता तर त्याचे वजन कित्येक पटींनी वाढले असते, आणि मोठ्या पापलेटला किलोमागे मिळणारा भावही लहान पापलेटपेक्षा कितीतरी अधिक असतो. आज पकडून नाडला जाणारा पहिला मनुष्य खुद्द मच्छीमारच होय.

मग तो पिले का पकडतो? गॅरेट हार्डिन या अभ्यासकाने १९६८ मध्ये 'सार्वजनिक कुरणाची शोकांतिका' मांडली, ती येथे तंतोतंत लागू पडते. मी सोडलेला मासा उद्या माझ्याच जाळ्यात येईल याची खात्री नाही. तो शेजारच्या ट्रॉलरला किंवा पर्ससीन नौकेला मिळेल. म्हणून प्रत्येकजण आज मिळेल ते ओढतो आणि सगळे मिळून उद्याचा दर्या रिकामा करतात. येथे व्यक्तीच्या लोभापेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे.

ही व्यवस्था सुधारण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आले. २०१७ मध्ये प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीला केंद्राने मनाई केली. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ५४ जातींच्या माशांचे किमान कायदेशीर आकारमान राज्याने ठरवून दिले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. पण शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर विखुरलेल्या बंदरांत आणि धक्क्यांवर पट्टी घेऊन कोण उभे राहणार? कायदा जेथे थकतो तेथे ग्राहकाचे काम सुरू होते.

विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतील सहा इंची पट्टी सुमारे १५० मिलिमीटरची असते. तिच्याहून आखूड पापलेट दिसले तर ते घेऊ नये, एवढा साधा नियम कोणत्याही घराला पाळता येईल. कायद्याची मर्यादा ही तळाची मर्यादा आहे, तेव्हा पट्टीभर लांबीचा आग्रह धरण्यात काही अतिरेक नाही. मात्र बाजारात बाईंशी हुज्जत घालू नये; "पिलू नको, मोठे असेल तर द्या" एवढे म्हणून पुढे जावे. दहा गिऱ्हाइके असे म्हणू लागली, की त्याचा परिणाम धक्क्यावरच्या लिलावापर्यंत पोहोचतो. मागणीला पाय असतात. ती उलट्या दिशेने चालत जाळ्यापर्यंत जाते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. मोठे पापलेट परवडते कोणाला? महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्याचा खिसा हलका होतो, त्याने काय करावे? या आक्षेपाला उत्तर आहे. लहान मासा आणि माशाचे पिलू या दोन भिन्न गोष्टी आहेत. मांदेली जातीनेच लहान असते. तारली आणि बांगडा लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात आणि पोषणमूल्यात कोणाला हार जात नाहीत. पूर्ण वाढलेली मांदेली खाणे हा व्याजाचा उपभोग आहे, पापलेटचे पिलू खाणे ही मुद्दलाची उधळण आहे. आपली खाणावळींतील थाळी पापलेट, सुरमई आणि कोळंबी या तीन नावांभोवतीच फिरत राहते, हे चवीपेक्षा प्रतिष्ठेचे लक्षण अधिक. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात याहून कितीतरी अधिक जातींना मान होता. पावसाळ्यापूर्वी सुकट, सोडे, सुके बोंबील यांची आगोट भरून ठेवण्याची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विश्रांती देण्याची रीतही त्याच शहाणपणाची होती. जून-जुलैत ताज्या मासळीचा हट्ट न धरणे हे आजही प्रत्येकाच्या हातचे आहे.

वेळासचा धडा

केवळ खाण्यापुरता हा प्रश्न नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी वाळूत अंडी घालण्यास येतात. एका घरट्यात साधारणतः शंभराच्या आसपास अंडी असतात. एकेकाळी ती उकरून खाल्ली वा विकली जात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कासवाला सर्वोच्च संरक्षण देत होता, तरीही किनाऱ्यावर त्याची वार्ता नव्हती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची आणि पिले बाहेर आली की समुद्रात सोडायची, असा तो साधा क्रम. पुढे हे दृश्य पाहण्यास पाहुणे येऊ लागले, गावातील घरांत त्यांची राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि कासव महोत्सव हे गावाच्या मिळकतीचे एक साधन बनले. अंड्यापेक्षा जिवंत पिलाचे मोल अधिक आहे, हे गावाने अनुभवाने जाणले.

हार्डिनची शोकांतिका अटळ नाही, स्थानिक लोक स्वतःचे नियम स्वतः बनवून सामाईक संपत्ती राखू शकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे देऊन दाखविले. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. वेळासकडे त्याच दृष्टीने पाहावयास हवे. परंतु आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा हे यश पुसून टाकण्याचे सामर्थ्यही आपल्यात असते. अंधारात वाळूवर आलेली कासवीण विजेरीच्या झोताने बिचकून परत फिरते. पिले उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाचे दिवे त्यांना समुद्र वाटतात. वाळूत मोटार घालण्याच्या हौसेपायी घरटी चिरडली जातात. शाळा-महाविद्यालयांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी एवढी तीन पथ्ये पाळली, तरी पुष्कळ साधेल. दिवे मालवावेत, वाहने रस्त्यावरच ठेवावीत आणि पिलांना हात लावू नये.

घाटावरचा समुद्र

नाशिक, पुणे वा कोल्हापूर येथील वाचक म्हणेल, की समुद्राशी आमचा काय संबंध? संबंध नदीचा आहे. गोदावरीच्या घाटावर टाकलेली पिशवी वाटेतील धरणांत अडकली नाही तर अखेर बंगालच्या उपसागरात जाते. आणि तो उपसागर आपल्याला वाटतो तितका परका नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक कासवीण २०२५ मध्ये थेट आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. माणसाने आखलेल्या जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत. पाण्यात तरंगणारी पारदर्शक पिशवी आणि जेलीफिश यांतील फरकही कासवाला ओळखता येत नाही. गिळलेली पिशवी पोटात अडकून राहते.

मुंबईने २६ जुलै २००५ रोजी तुंबलेल्या गटारांची किंमत मोजली. २०१८ मध्ये राज्याने आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. तरीही भाजीवाल्याकडे पिशवी मागणारे आपणच असतो. ती फुकट मिळते असे आपण समजतो, पण अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. जी किंमत आपण देत नाही ती दुसरे कोणीतरी देते. या व्यवहारात ती फाटलेल्या जाळ्याने आणि कचऱ्याने भरलेल्या ओढीने कोळी देतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून नागरिकांनी सुरू केलेली सफाई जगभर वाखाणली गेली आणि २०१८ मध्ये तेथे कासवाची पिलेही दिसली. मात्र किनारा पुन्हा पुन्हा साफ करावा लागणे हीच आपल्या घरच्या व्यवस्थेवरील टीका आहे. कापडी पिशवी खिशात ठेवणे आणि ओला-सुका कचरा वेगळा करणे यांत पराक्रम नाही, पण उगमाशी केलेला उपाय मुखाशी केलेल्या उपायापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

गणेशोत्सवाविषयीही हेच म्हणता येईल. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही. विसर्जनानंतरच्या सकाळी चौपाटीवर दिसणारे अवशेष कोणत्याही भाविकाला क्लेश देतील. घरची मूर्ती शाडूची आणि लहान असावी, विसर्जन कृत्रिम हौदात करावे, हे भक्तीला उणेपणा आणणारे नाही. मात्र पेणसारख्या गावांतील कारागिरांची पोटे या व्यवसायावर आहेत. म्हणून शाडूच्या मूर्तीला पडणारे चार पैसे अधिक मोजण्याची आपली तयारी हवी. केवळ उपदेशाने कारागीर बदलत नाही.

ग्राहकापलीकडचा नागरिक

एवढे सारे केले तरी ते पुरेसे नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शहरांचे सांडपाणी, बंदरांचे भराव, यांत्रिक नौकांची स्पर्धा हे प्रश्न कापडी पिशवीने सुटणार नाहीत. पण येथेही सामान्य माणूस अगदीच निरुपाय नसतो. एका नागरिक संस्थेच्या याचिकेवरूनच मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली. त्याच खारफुटीत अनेक माशांची आणि कोळंबीची पिले वाढतात. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ पासून अस्तित्वात आहे आणि किनाऱ्याच्या आराखड्यांवर हरकती मागविल्या जातात. हरकतीचा अर्ज लिहिणे हे तर शिक्षक-कारकुनांच्या हातचे काम. आपल्या गावच्या कोळीवाड्याला तो अर्ज लिहून देणे ही मोठीच मदत ठरेल.

ओझे कोणी उचलायचे, हा अखेरचा प्रश्न. जाळ्यात अडकलेले कासव वा अन्य संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. तिच्यामागील तत्त्व मोलाचे आहे: समुद्राचा लाभ सर्वांचा असेल तर त्याच्या रक्षणाचा खर्चही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. तो एकट्या कोळ्याच्या जाळ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा हा त्या खर्चातील एक वाटा. बाजारात पिलू नाकारणे, पिशवी नाकारणे, किनाऱ्यावर दिवा मालवणे हा आपला दुसरा वाटा.

त्या कोळीणबाईंनी कोणावरही ठपका ठेवला नव्हता. त्यांनी हिशेबाच्या दोन बाजू तेवढ्या दाखविल्या होत्या. जाळ्यात काय येते ती बाजू कायद्याने आणि मच्छीमारांच्या सोसायट्यांनी सांभाळायची आहे. आपण काय घेतो, ही बाजू मात्र रोज सकाळी पिशवी हातात घेऊन घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या स्वाधीन आहे.