हक्काची वाट चालण्यासाठी असते



गेल्या जून महिन्यात आम्ही अकरा मित्रमैत्रिणी इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातील एका दीर्घ पदयात्रेत सहभागी झालो. एका दिवसात ४० किलोमीटर चालायचे होते. पाठीवर पाणी, थालीपिठे आणि पावसाळी जाकिटे घेऊन आम्ही पहाटे ईडेल गावातून निघालो आणि दिवस मावळताना सुजलेल्या पायांनी परतलो. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "आपल्या वाडवडिलांनी पोटासाठी जन्मभर पायपीट केली. तुम्ही पैसे भरून चालायला जाता, ते कशासाठी?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. परदेशात राहणाऱ्या आपल्या समाजाचा वेळ आणि पैसा कुठे खर्च व्हावा, हा त्यामागचा विचार होता. त्याला "तब्येतीसाठी" असे गुळमुळीत उत्तर देणे आम्हाला योग्य वाटत नाही. शिवाय त्या दिवशी असा एक प्रसंग घडला, ज्याने आम्हाला आमचीच ओळख नव्याने करून दिली.

हेफील्ड गावाच्या अलीकडे आमची वाट एका शेतघराच्या अंगणातून जात होती. फाटकावर सार्वजनिक पायवाटेचा पिवळा बाण होता आणि हातातील नकाशावर तीच वाट हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली होती. घरातून एक बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "वाट चुकलात का?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. तरीही आमच्यातील तिघांनी एकाच वेळी क्षमा मागितली आणि आम्ही सर्वजण मान खाली घालून भराभर पुढे निघालो. अर्धा मैल गेल्यावर एका मैत्रिणीने विचारले, "आपण माफी कशाची मागितली?" कोणाकडेही उत्तर नव्हते.

गावकुसाबाहेरच्या वस्तीतून निघाल्यावर कोणत्या आळीतून जायचे आणि कोणत्या आळीतून जायचे नाही, हे आमच्या आजोबांना कोणी लिहून दिले नव्हते, तरी ते त्यांना पाठ होते. आम्ही पदव्युत्तर शिक्षण घेतले, संगणकावर काम करतो, या देशात कर भरतो. तरीही परक्या अंगणात पाऊल ठेवताच तो जुना पाठ आमच्या ओठांवर आला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत भारतीय खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली होती. ती का केली, हे आम्हाला त्या अर्ध्या मैलात पुन्हा कळले.

ज्या डोंगरावर आम्ही चाललो, त्या किंडर स्काउटचा इतिहासही समजून घेण्यासारखा आहे. एकेकाळी तो माळ जमीनदारांच्या पक्षी-शिकारीसाठी राखीव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने मँचेस्टर परिसरातील सुमारे ४०० लोक हेफील्डजवळच्या दगडखाणीतून निघाले आणि मनाई मोडून डोंगरावर चढले. त्यांत बहुतेक कामगार होते. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील डोंगरमाळांवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क मिळाला.

येथील कायद्यात आणखी एक लक्षणीय तरतूद आहे. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार एखाद्या वाटेवरून लोक २० वर्षे अखंडपणे हक्काने चालत राहिले, आणि मालकाचा तसा हेतू नव्हता याचा पुरावा नसला, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. यातील 'हक्काने' या शब्दाला नेमका अर्थ आहे : बळजबरीने नव्हे, चोरून नव्हे आणि परवानगी घेऊनही नव्हे. परवानगी मागून टाकलेली पावले या हिशेबात धरली जात नाहीत.

हे तत्त्व आपल्याला नवीन नाही. मुंबई विधिमंडळात बोले ठराव १९२३ मध्येच संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केले होते. पण तो हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. महाड आणि किंडर यांची बरोबरी आम्ही करीत नाही. तेथे रविवारच्या मोकळ्या हवेचा प्रश्न होता, येथे माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा. किंडरवर चढणाऱ्यांच्या स्पर्शाने डोंगर बाटला असे कोणी म्हटले नाही. महाडचे तळे मात्र सनातन्यांनी 'शुद्ध' करून घेतले. तरीही दोन्ही ठिकाणचा धडा एकच आहे : न वापरलेला हक्क हळूहळू दुसऱ्याची मेहेरबानी बनतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी आणि तलाव यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही.

म्हणून काकांना आमचे उत्तर असे आहे. वाडवडील पोटासाठी चालले, तेव्हा वाट त्यांची नव्हती. आम्ही ज्या वाटेवर चाललो ती आमचीही आहे, पण ते आमच्या पायांना अजून पुरते पटलेले नाही. ते पटवून देण्यासाठी चालायचे. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे गावोगाव चारिका केली. त्यांच्या अनुयायांना चालणे परके वाटू नये.

आमची सूचना अशी की पुढील वर्षी आपल्या मंडळाने या पदयात्रेत आपल्या नावाने उतरावे. ज्यांना ४० किलोमीटर झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी आदल्या महिन्यात आठ-दहा किलोमीटरची एक सहल ठेवावी. मुलांना नकाशा वाचायला शिकवावे. पदयात्रेच्या निमित्ताने मिळणारी देणगी गावाकडच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी द्यावी, म्हणजे समाजाच्या कामाचा प्रश्नही सुटेल. आणि काका, आपणही यावे. त्या शेतघरापाशी पुन्हा कोणी विचारले, तर आपण थांबू, हसून नमस्कार करू आणि सांगू, "नाही, वाट चुकलो नाही."

जय भीम. नमो बुद्धाय.