डायनिंग टेबल म्हणजे शिडी नव्हे

दिवाळी किंवा घरचं लग्न जवळ आलं की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे घराघरांत फॉल्स सीलिंगची कामं निघतात. त्याच दिवसांत टाचेला, कमरेला मार लागलेले मिस्त्री दवाखान्यात येतात. सोबतचे घरमालक एकच सांगतात, "डॉक्टरसाहेब, त्याचंच लक्ष नव्हतं." मला हे पटत नाही.

तो उभा कशावर होता? बहुतेकदा तुमच्याच डायनिंग टेबलावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर. नाहीतर दोन घोड्यांवर टाकलेल्या मोकळ्या फळीवर, आणि एका घोडीच्या पायाखाली विटेचा तुकडा. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर पीओपीची भुकटी. सहा बाय चार फुटांचा जिप्सम बोर्ड साधारण १८ ते २० किलोचा असतो. तो डोक्यावर पेलून, मान मागे टाकून स्क्रू मारणाऱ्याला पायाखाली पाहताच येत नाही. त्यात मजुरी चौरस फुटावर. घोडी सरकवायला खाली उतरलं की त्याचा वेळ जातो, म्हणून तो वाकून हात पुरवतो. आणि खालून आपण विचारतो, "आज होईल ना?"

"पाचच फुटांवरून तर पडला!" अहो, पाच फुटांवरून पडणारा माणूस जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आपटतो. पायांवर पडला तर टाचेचं हाड चुरतं आणि धक्का कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. म्हणून टाच मोडलेल्याची कंबरही आम्ही तपासतो.

कायद्याकडे बोट दाखवू नका. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने १० लाखांपर्यंतचं स्वतःच्या घराचं काम वगळलं होतं. तुमच्या हॉलमध्ये तपासायला कोणी येत नाही. तिथे तुम्हीच आहात.

झुंबराला पैसे निघतात, मग ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात कठड्याच्या लोखंडी मचाणाचं भाडंही लिहायला लावा. चाकं असतील तर ब्रेक लावलेले हवेत, आणि माणूस वर असताना मचाण ढकलायचं नाही. दुपाखी घोडी पूर्ण उघडून तिची पट्टी अडकवलेली असावी. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय चार फूट उंचीला एक फूट बाहेर. फरशी दर तासाला पुसा, हे तर फुकट आहे.

एवढं करूनही कोणी पडलाच, तर काखेत हात घालून उठवू नका, बसवून पाणी पाजू नका, मालिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. आहे तसा निजू द्या, मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. पाय बधिर वाटणं, लघवी न होणं, उलटी, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर "सकाळी पाहू" म्हणायचं नाही. आणि दवाखान्यात किती उंचीवरून पडला ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने "बाथरूममध्ये घसरला" सांगितलं, की आमचा तपास चुकीच्या जागी सुरू होतो.