कोड नव्हे, कोरी ओळ महाग पडते

संपादक महोदय,

चामखीळ काढण्याच्या बिलांवरील आपल्या लेखात ‘कोडिंग म्हणजे बिल फुगवण्याची युक्ती’ असे म्हटले आहे. मगरपट्ट्यात बसून अमेरिकेतील दवाखान्यांची बिले रोज कोड करणारी, म्हणजे प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक देणारी मी. हे मला मान्य नाही.

पहिला मुद्दा. अमेरिकेत 17110 या एकाच कोडमध्ये 1 ते 14 चामखिळी बसतात. चौदा काढल्या म्हणून चौदा वेळा पैसे लावता येत नाहीत. गाठ कापून काढली, तर जागा आणि कापण्याआधी मोजलेला आकार नोंदवावाच लागतो. म्हणजे कोड बिलाला लगाम घालतो.

दुसरा. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचे वेगळे बिल ही लूट नव्हे. कर्करोग आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.

तिसरा. दर जास्त असतात, एवढे मान्य. पण आपल्याकडे खरे दुखणे कोऱ्या, तपशील नसलेल्या ओळीचे आहे. आईच्या पाठीवरची गाठ हडपसरमध्येच काढली. बिलावर फक्त ‘प्रोसिजर चार्जेस’. जागा, आकार, निदान काहीच नाही. विमा कंपनीने ‘सौंदर्योपचार’ म्हणून दावा फेटाळला. उपचार गरजेचा होता, हे डॉक्टरांनी लिहून दिले असते तर भांडायला आधार मिळाला असता.

महाराष्ट्रात 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. वाचकांनी ते पाहावे आणि तपशीलवार बिल मागूनच घ्यावे.

– एक मेडिकल कोडर, हडपसर