स्वस्त मेकअप विकायचाय? आधी स्वतः वापरा, मग लेबल वाचा



ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच: "मॅडम, पंधरा-वीस हजारांत कॉस्मेटिक्सचा धंदा सुरू होईल का?" होतो. बांगड्यांच्या दुकानात एक काचेचं कपाट, पार्लरमध्ये एक रॅक, नाहीतर घरूनच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला किंवा पुण्याच्या रविवार पेठेत एक चक्कर मारली की पिशव्या भरून माल येतो. सुरुवात करणं अवघड नाहीच. अवघड आहे ते कुठला माल आणायचा हे ठरवणं.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: "जे चालतं ते ठेवा." मला तो पटत नाही. बिस्किटं, साबण यांना ठीक आहे. पण चेहऱ्याला लावायच्या वस्तूत "चालतं" म्हणजे "चांगलं आहे" असं होत नाही. कधीकधी तर नेमकं उलटं असतं. कसं, ते पुढे सांगते.

स्वस्त म्हणजे वाईट नव्हे

आधी एक गैरसमज काढू. शंभर-दीडशे रुपयांची लिपस्टिक म्हणजे कचरा, असं नसतं. एले १८, ब्लू हेवन, इनसाइट, स्विस ब्युटी हे ब्रँड याच किमतींच्या आसपास देशभर विकले जातात. महागड्या वस्तूच्या किमतीत जाहिरात, मॉडेल, पॅकिंग, मॉलमधल्या काउंटरचं भाडं हे सगळं असतं. थंडीत फुटलेल्या टाचांना साधी पेट्रोलियम जेली जे काम करते, ते हजार रुपयांचं क्रीम दहापट चांगलं करतंच असं नाही. कमी पैशांत चांगली वस्तू हवी असणारं गिऱ्हाईक आपल्याकडे भरपूर आहे. त्यांच्यासाठी निवड करणं हेच आपलं काम, आणि ती निवड वापरून बघितल्याशिवाय होत नाही.

वापरून बघणं म्हणजे काय?

मनगटावर चार रेघा ओढल्या आणि "वा, काय रंग आहे!" म्हटलं, ही चाचणी नाही. समजा पहिली खरेदी पंधरा हजारांची आहे. त्यातले हजार रुपये चाचणीसाठी बाजूला काढा. दहा वस्तू एक-एक नग आणा आणि असं करा:

१. क्रीम, लोशन, फेसवॉश: कोपराच्या आतल्या बाजूला एका छोट्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. फेसवॉश लावून ठेवायचा नाही, नेहमीसारखा धुऊन टाकायचा. खाज, लाली, पुरळ आलं तर लगेच थांबा. त्वचारोगतज्ज्ञही नवीन वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी असंच करायला सांगतात.

२. फाउंडेशन: ट्यूबलाइटखाली बघू नका, दारात उजेडात बघा. तीन-चार तासांनी परत बघा. लावताना छान दिसणारा शेड दुपारपर्यंत राखाडी पडतो की नाही, ते तेव्हाच कळतं. गव्हाळ, सावळ्या आणि गोऱ्या अशा तीन तरी चेहऱ्यांवर, त्यांना विचारून, लावून बघा.

३. लिपस्टिक, काजळ: एक कप चहा, एक जेवण आणि घाम. यातून टिकलं तर टिकलं.

४. ऊन: विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. पत्र्याच्या दुकानात तुमची लिपस्टिक घामेजते का, क्रीमचं तेल वेगळं होतं का, हे आपल्याच कपाटात ठेवून बघा.

हे सगळं वहीत लिहा. तारीख, बॅच नंबर, कुणाला लावलं, काय झालं. दहातल्या चार वस्तू पास झाल्या तर चारच विकायला आणा. उरलेल्या सहा वस्तूंचे पैसे वाया गेले असं समजू नका. त्यांच्या पाच-पाच डझनाच्या पेट्या घरात पडून राहिल्या नाहीत, ही तुमची कमाई.

अजून एक. टेस्टर ठेवलात तर लिपस्टिक थेट कुणाच्या ओठाला लावू द्यायची नाही, हातावर लावून दाखवायची. काजळ आणि मस्काऱ्याला टेस्टर नकोच.

जे हातावर दिसत नाही

आता मुद्द्यावर येते. वापरून बघितल्यावर रंग, टिकाऊपणा, ॲलर्जी एवढंच कळतं. आत काय घातलंय ते कळत नाही. आणि एका प्रकारचा माल असा आहे, जो या चाचणीत पहिल्या नंबराने पास होतो: "सात दिवसांत गोरेपणा" देणारं क्रीम.

ते लावल्यावर खरंच उजळायला होतं. डाग फिके पडतात. गिऱ्हाईक खूश, चार बायकांना सांगतं. पण असा झटपट परिणाम बऱ्याचदा दोनच गोष्टींमुळे येतो. एक म्हणजे पारा. तो त्वचेतला रंग तयार होणं अडवतो, पण त्वचेतून अंगातही जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. दुसरं म्हणजे स्टेरॉइड. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं औषध आहे. रोज लावलं तर त्वचा पातळ होते, आणि बंद केलं की चेहरा लाल होऊन पुरळ उठतं. मग बाई म्हणते, "तुमचं क्रीम बंद केलं की त्रास होतो, अजून एक डबी द्या." दुकानदाराला वाटतं, काय जबरदस्त माल आहे!

ही ऐकीव भीती नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये एक खास प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते. आपल्याकडे अकोल्यातही एकाच कुटुंबातल्या तिघींना असाच त्रास झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल.

लेबल आणि बिल

म्हणून वापरून बघण्याइतकंच लेबल महत्त्वाचं. कॉस्मेटिक्स विकायला वेगळं लायसन लागत नाही, पण बनवायला लागतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम २०२० मध्ये आले. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि एमआरपी बघा. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. यादीत "कॅलोमेल", "मर्क्युरिक", "मर्क्युरस" असा शब्द दिसला तर डबी तिथेच ठेवा. यादीच नसेल तरी ठेवा. कोऱ्या डबीतलं "पार्लर स्पेशल" क्रीम कितीही ओळखीच्या माणसाने दिलं तरी नको.

आणि बिल घ्या, बॅच नंबरसकट. होलसेलवाला म्हणेल, "बिलाशिवाय घ्या, दहा टक्के कमी लावतो." उद्या अन्न व औषध प्रशासनाचा इन्स्पेक्टर आला आणि विचारलं, "माल कुठून घेतला?", तर ते सांगणं कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. नीट माणसाकडून, बिलाने, माहीत नसताना घेतलं आणि नीट ठेवलं, असं दाखवता आलं तर कायदा विक्रेत्याला संरक्षणही देतो. ते दहा टक्के वाचवून तुम्ही हे संरक्षण सोडून देता.

"मग गिऱ्हाईक शेजारी जाईल ना?"

जाईल. खोटं कशाला बोलू? समजा ते क्रीम नव्वदला येतं, दोनशेला जातं, महिन्याला तीस डब्या खपतात. म्हणजे ३,३०० रुपयांवर पाणी सोडायचं. छोट्या दुकानात तेवढ्यात लाइट बिल आणि रिचार्ज निघतो. हे नुकसान खरं आहे, आणि ते सोसा असंच माझं म्हणणं आहे.

कारण छोट्या दुकानदाराकडे जाहिरात नसते, मोठं नाव नसतं. गल्लीतली बाई "ताई, हे लावू का?" असं विचारते, हीच त्याची पुंजी. ती बाई घटकांची यादी वाचत नाही, तुमचा चेहरा वाचते. मोठ्या कंपनीचं एक क्रीम फसलं तर तिची बाकीची शंभर उत्पादनं चालू राहतात. तुमच्या क्रीमने कुणाचा चेहरा बिघडला तर त्या गल्लीत तुमच्या टिकल्यासुद्धा विकल्या जाणार नाहीत.

गोरं करणारं मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवू नका. "ताई, हे मी ठेवत नाही," म्हणा आणि कारण दोन वाक्यांत सांगा. तुम्ही वापरून बघितलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दाखवा. डाग जात नसतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. काही जणी तरीही शेजारी जातील. पण ज्या थांबतील, त्या पुढे मुलीच्या लग्नाचा मेकअपही तुमच्याकडूनच घेतील.

तर या आठवड्याचं काम: कपाटातली प्रत्येक डबी खाली काढा आणि तिचं लेबल वाचा. परवाना क्रमांक नसलेल्या डब्या वेगळ्या करा आणि त्या परत कपाटात जाऊ देऊ नका.