गृहविज्ञान : पाण्याची चाळणी

पिठाची चाळणी निराळी, रव्याची निराळी. पाण्याचेंही तसेंच आहे. लोब व सौरिराजन या संशोधकांनीं सिद्ध केलेला सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोलिंगा गांवीं खारें पाणी गोडें करूं लागला. दाबानें पाणी पार होतें, क्षार मागें राहतात. आपल्या घरांतील आर. ओ. यंत्र याच कुळांतलें. परंतु त्यांत पिण्याजोग्या पाण्याहून वाहून जाणारें पाणीच बहुधा अधिक असतें. अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा जंतु अडवितो, क्षार सोडतो व पाणी फारसें दवडीत नाहीं. तेव्हां यंत्र घेण्यापूर्वीं वाचकांनीं पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. विरघळलेले क्षार लिटरमागें ५०० मिलिग्रॅमच्या आंत असून फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांचा दोष नसेल, तर ही दुसरी चाळणी सहसा पुरते. पाणी व पैसा दोन्ही वांचतात.