दाट रवांडा, विरळ नायजर

आफ्रिका खंडातील ५४ देशांची मिळून लोकसंख्या आज सुमारे १५० कोटी आहे. एकट्या भारताची १४५ कोटींच्या घरात. आफ्रिकेचे क्षेत्रफळ मात्र भारताच्या नऊपट आहे. म्हणजे तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ५० माणसे राहतात आणि आपल्याकडे ४४०. तरीही लोकसंख्यावाढीचा विषय निघाला की हल्ली जगाचे बोट आफ्रिकेकडे जाते. ते अगदीच अनाठायी नाही. १९५० मध्ये या खंडात सुमारे २३ कोटी लोक होते. आज त्याच्या साडेसहापट आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत ही संख्या २४० कोटींच्या पुढे जाईल. जगाची लोकसंख्या वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी वेगाने वाढते आहे, आफ्रिकेची सव्वादोन टक्क्यांहून अधिक.

गल्लत होते ती यापुढे. वाढ जोरात आहे म्हणजे तिथे दाटी झाली असणार, आणि दाटी आहे म्हणूनच रोगराई आणि दारिद्र्य आहे, असा सरळ हिशेब मांडला जातो. दोन देश शेजारी ठेवले की हा हिशेब कोलमडतो.

पहिला देश नायजर. (नावामुळे नायजेरियाशी त्याची नेहमी गफलत होते; हा नायजेरियाच्या उत्तरेचा, सहारा वाळवंटात शिरलेला वेगळा देश.) क्षेत्रफळ पावणेतेरा लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास. दर चौरस किलोमीटरला जेमतेम २१ माणसे. दुसरा रवांडा. क्षेत्रफळ साडेसव्वीस हजार चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ३२ लाख. घनता ५०३. खंडाच्या मुख्य भूमीवर एवढी दाटी दुसरीकडे सापडणे कठीण. असे असताना लोकसंख्या वाढण्याचा वेग नायजरमध्ये अधिक आहे, वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त. या वेगाने एखाद्या देशाची लोकसंख्या वीस-बावीस वर्षांत दुप्पट होते. तिथली स्त्री सरासरी सहा मुलांना जन्म देते. रवांडातली आता चारपेक्षा कमी.

सरासरी घनता या आकड्यावर फार विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवे. वॉर्डातल्या दहा रुग्णांच्या तापाची सरासरी काढून औषध देण्यासारखे ते होते. इजिप्तची सुमारे ९५ टक्के जनता नाईलच्या काठच्या पाच टक्के जमिनीवर राहते, बाकी वाळवंट. नायजरचीही बहुतेक वस्ती दक्षिणेच्या पट्ट्यात आहे. नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण २०२३ च्या जनगणनेत तिथे माणसे भरली ३० लाख. अशा देशात प्रश्न गर्दीचा नसतो, अंतराचा असतो. दवाखाना बांधला तर त्याच्या आसपास रुग्ण थोडे, आणि जे आहेत त्यांना यायला दिवस लागतो.

हे अंतर सर्वांत आधी बाळंतिणीच्या जिवावर येते. बाळ अडले आणि सिझेरियनची सोय असलेले रुग्णालय शंभर किलोमीटरवर असले, तर कळा दोन-दोन दिवस चालतात. बाळाच्या डोक्याच्या सततच्या दाबाने मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधल्या पेशी मरतात आणि तिथे छिद्र पडते. बाळ बहुधा दगावलेले असते. बाई वाचली तर आयुष्यभर लघवी ठिबकत राहते, कपड्यांना वास येतो, नवरा टाकतो. या आजाराला फिस्टुला म्हणतात. शस्त्रक्रियेने तो बरा होतो, पण मुळात वेळेवर सिझेरियन झाले असते तर झालाच नसता. नायजरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत होतात. कमरेची हाडे पुरती वाढलेली नसताना पहिले बाळंतपण येते. तेव्हा ‘माणसे विरळ, म्हणजे प्रकृती चांगली’ हा समज इथे तरी टिकत नाही.

मग एवढ्या विरळ देशात जन्म इतके का? उत्तराचा मोठा भाग मृत्यूच्या आकड्यांत आहे. १९९० मध्ये नायजरमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी तीनशेहून अधिक पाचव्या वाढदिवसाआधी दगावत. आता हे प्रमाण सव्वाशेच्या आत आले आहे. गोवरची लस, मच्छरदाण्या, हिवतापावरची औषधे आणि जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, असल्या साध्या गोष्टींनी हे घडले. पण दहापैकी तीन-चार मुले गेलेली पाहिलेल्या आईला सरकारी आकडा समजून तिचा विश्वास बदलत नाही. आपली मुले जगतात हे तिला स्वतःच्या आणि शेजारच्या अंगणात दिसावे लागते, आणि त्याला एक पिढी जाते. मृत्यू आधी घटतात, जन्म मागाहून. मधल्या काळात लोकसंख्या वाढते. भारत याच वाटेने गेला, युरोपही गेला होता. आफ्रिकेचा मोठा भाग आज त्या मधल्या काळात आहे. लोकसंख्या वाढते ती तिथले लोक बेजबाबदार आहेत म्हणून, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

रवांडात हा मधला काळ आखडता आला. दाटीमुळे आपोआप तसे झाले, असेही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देश दाटच होता आणि तिथली स्त्री सरासरी आठहून अधिक मुलांना जन्म देत होती. १९९४ च्या वंशसंहाराने तर आरोग्यव्यवस्थाच उद्ध्वस्त झाली. फरक पडला तो २००५ नंतर. गावकऱ्यांनीच निवडलेले आरोग्य स्वयंसेवक, त्यांच्या हातात हिवतापाची औषधे आणि पाळणा लांबवण्याची साधने, सोबत गावपातळीवरचा आरोग्य विमा. २००५ ते २०१० या पाच वर्षांत आधुनिक गर्भनिरोधके वापरणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण १० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेले. त्याच काळात पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू हजारी १५२ वरून ७६ वर आले. दोन्ही रेषा एकत्र हलल्या, हे महत्त्वाचे. रवांडाच्या राजवटीची हुकूमशाही वळणे जगजाहीर आहेत आणि तिच्या सरकारी दाव्यांकडे सावधपणेच पाहावे लागते. पण वरचे आकडे घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे आहेत आणि तशीच पाहणी इतर देशांतही झाली आहे.

आकडे येतात कुठून, हा प्रश्न आफ्रिकेत कोरडा नाही. खंडातला सर्वाधिक लोकसंख्येचा देश नायजेरिया. २३ कोटींच्या आसपास हा त्याचा आकडा अंदाजाचा आहे, कारण शेवटची जनगणना २००६ ची. २०२३ मध्ये ठरलेली पुढे ढकलली गेली. राज्यांना केंद्राकडून मिळणारा पैसा डोक्यांच्या मोजणीशी जोडलेला असल्याने तिथे प्रत्येक जनगणनेवर भांडण होते. १९७३ ची तर रद्दच करावी लागली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात १९८४ नंतर जनगणना झालेली नाही. आरोग्य खात्याला याचा फटका लगेच बसतो. गावात मुले किती हेच ठाऊक नसेल तर लसीकरण ९० टक्के झाले की ६० टक्के, हे कशावरून ठरवणार? उत्तर नायजेरियात पोलिओ हटता हटत नव्हता, तेव्हा उपग्रह छायाचित्रांवरून नकाशे केले गेले आणि लसीकरण पथकांच्या हाताने काढलेल्या नकाशांत नसलेल्या वस्त्या सापडल्या. तिथली मुले आकडेवारीत नव्हतीच. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला.

या पार्श्वभूमीवर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला लावलेली कात्री पाहावी. रवांडाचे वरचे आकडे ज्या पाहण्यांतून आले, त्या १९८४ पासून अमेरिकी पैशावर चालत होत्या. तो निधी थांबला. श्रीमंत देशांची सरकारे कुटुंबनियोजनासाठी देत असलेल्या मदतीत अमेरिकेचा वाटा सुमारे चाळीस टक्के होता. विकत घेऊन ठेवलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधके बेल्जियममधल्या गोदामात अडकली आणि ती जाळून टाकण्याचे ठरल्याच्या बातम्या आल्या. त्यांतला मोठा हिस्सा टांझानियासारख्या आफ्रिकी देशांना जायचा होता.

आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत स्त्रिया गोळ्यांपेक्षा इंजेक्शन पसंत करतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘अंतरा’ नावाने मिळते, तेच हे इंजेक्शन. घरात डबी लपवावी लागत नाही, रोज आठवण ठेवावी लागत नाही. त्याचा परिणाम तीन महिने टिकतो. चौथ्या महिन्यात दहा-पंधरा किलोमीटर चालून आलेल्या बाईला केंद्रावर ‘साठा संपला’ असे ऐकावे लागले, तर ती पुढच्या खेपेला बहुधा प्रसूतीसाठीच येते.